विंडोज १० चा सपोर्ट संपला : जुना पीसी चालता कसा ठेवायचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. टॅली उघडते, बिलं निघतात, प्रिंटर कुरकुरत का होईना चालतो. त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. थांबलं ते एवढंच की विंडोजमध्ये सुरक्षेची नवी फट सापडली तर ती बुजवणारा अपडेट आपोआप येत नाही. (ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपला, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.) या फटीतून आत शिरायचे रस्ते तीन : इंटरनेट, पेनड्राइव्ह आणि त्याच वायरवरचं दुसरं मशीन. म्हणून मशीन किती जुनं आहे हे नंतर पाहा. आधी ठरवा की ते नेटला जोडावं लागतं का आणि त्यावर बँक व जीएसटीची कामं होतात का.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात किंवा मार्केट यार्डातल्या आडतीत साधारण तीन प्रकारची मशीनं असतात. एक बिलिंग आणि बँकेचं, एक नुसतं टायपिंग, ईमेल आणि ब्राउझरचं, आणि एक डिझाइन किंवा जुन्या सॉफ्टवेअरचं, ज्याला हात लावायची सगळ्यांना भीती वाटते. तिन्हींना एकच औषध देऊ नका. पहिल्याला अपडेट मिळत राहणारी विंडोजच हवी, दुसऱ्याला लिनक्स (विंडोजऐवजी बसवायची मोफत सिस्टिम) चालतं, तिसऱ्याची नेटची वायर काढायची.

बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का ते बघा

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून बॅकअप घ्या, तो बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून कालची शेवटची एंट्री दिसते का ते पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका. फॉरमॅट मारण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. ते जुन्याच मशीनवर अडकून पडलं की नव्यावर ॲक्टिव्हेट करताना खेटे पडतात. डिजिटल सिग्नेचरचं सर्टिफिकेट यूएसबी टोकनच्या आतच असतं, फॉरमॅटने जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर आणि पिन हाताशी ठेवा. चुकीचा पिन सारखा मारला की टोकन लॉक होतं. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या टीटीएफ फाइलीही वेगळ्या काढा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून हार्ड डिस्कची तब्येत बघा. दोन ओळी महत्त्वाच्या : रिॲलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर. दुसरीत शून्याखेरीज काही दिसलं तर डिस्कच्या काही जागा वाचल्या जात नाहीत असा अर्थ. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा पूर्ण डिस्क तपासणी लावू नका. त्या ताणानेच ती बसते. आधी महत्त्वाच्या फाइली उचला.

विंडोज ११ बसतं का

प्रोसेसरचा नंबर बघा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी. इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. बरीच मशीनं केवळ बायोसमधला (बोर्डच्या मूळ सेटिंगमधला) टीपीएम बंद असल्यामुळे नापास होतात. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने असतो. तो चालू करून परत तपासा. नवीन मशीन घ्यायला सांगणाऱ्याने हे पाहिलंय का, तेही विचारा.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची सोय आहे. आधी तिच्यातली तपासणी चालवा, पास झाली तरच बदल करा, आणि मग बायोसमध्ये सीएसएम (मशीन सुरू करायची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) करा. डिस्क न बदलता आधीच यूईएफआय केलंत, तर विंडोज सुरूच होणार नाही. घाबरू नका, सेटिंग परत फिरवलं की मशीन पूर्ववत होतं.

यादीत नसलेल्या मशीनवर रूफससारख्या साधनाने अट चुकवून ११ बसवता येतं. घरच्या दुसऱ्या मशीनला हे ठीक. बँकेच्या मशीनला आम्ही सुचवणार नाही, कारण अशा मशीनला दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही. होम आणि प्रोच्या एका आवृत्तीला सुरक्षा अपडेट २४ महिनेच मिळतात, म्हणजे ही कसरत तुम्हाला परत करावी लागणार. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही.

दहावरच राहायचं असेल तर

मायक्रोसॉफ्टची एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स ही योजना वैयक्तिक मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीची लिंक दिसते. सेटिंग्जचा बॅकअप अकाउंटला जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका अकाउंटवर १० मशीनं बसतात. लिंक दिसतच नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट पूर्ण करा. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही योजना नाही, त्यांची व्यवसायांसाठीची वेगळी आणि महाग आहे. या मुदतीत बिलिंगच्या मशीनचं काय करायचं ते ठरवून टाका.

ऊन, धूळ आणि कापूस

सोलापुरात जुना पीसी मरतो तो बहुधा सॉफ्टवेअरने नाही, एप्रिल-मेमध्ये. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याचं ऑफिस, आणि मागामधून उडणारे कापसाचे तंतू. हे तंतू साध्या धुळीसारखे उडून जात नाहीत. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये त्यांचा नमदा बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचतच नाही. मशीन सकाळी नीट चालतं, दुपारी रडतं आणि तीनच्या सुमारास एकाएकी बंद होतं, असं असेल तर व्हायरस शोधत बसू नका. काम चालू असताना प्रोसेसरचं तापमान ९० अंशांच्या वर जात असेल तर कॅबिनेट उघडा.

वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. पंखा हीटसिंकवरून सुटा करून मधला थर ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने तो भलत्या वेगाने फिरला की बेअरिंग जातं. कुलर काढलाच तर जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या कुलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि घोळ इथेच होतो. एक पिन अर्धीच बसली तर कुलर एका बाजूने उचललेला राहतो आणि मशीन दोन मिनिटांत बंद पडतं. बोर्डच्या खालून वाकून चारही पिना पूर्ण बाहेर आल्यात का ते डोळ्यांनी बघा. शेवटी कॅबिनेट जमिनीवरून उचलून वीतभर उंच स्टुलावर ठेवा. मागाच्या शेडमध्ये असेल तर ही साफसफाई दर महिन्याला, ऑफिसात तीन महिन्यांनी.

बोर्डवरचा सीआर२०३२ सेल तेव्हाच बदला, किरकोळ खर्च आहे. तो संपला की तारीख मागे जाते आणि बँकेपासून जीएसटीपर्यंत प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, कारण तिचं सर्टिफिकेट त्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं. लोक अँटीव्हायरस बदलत बसतात. दुसरं म्हणजे बायोसमधलं डिस्कचं सेटिंग एएचसीआयवरून आयडीईवर उडी मारतं आणि विंडोज निळा पडदा दाखवून परत परत सुरू होत राहते. विंडोज नव्याने टाकण्याआधी ते सेटिंग पूर्ववत करून बघा.

खर्च करायचाच तर आधी एसएसडीवर करा. अडीच इंची साटा, २४० किंवा २५६ जीबी पुरे. डेस्कटॉपमध्ये तिला साच्याची गरज नाही, आत फिरणारं काही नसतं, दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते. त्यानंतर रॅम ८ जीबी. इथे बाजारात फसगत होते : काही स्वस्त ८ जीबीच्या डीडीआर३ काड्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलवर मशीन नुसतं बीप देतं किंवा काळं राहतं. दुकानदार परत घेणार असेल तरच घ्या. इंटेलच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला सहसा डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचीच काडी लागते. मशीन डीडीआर२ चं असेल तर त्यात एक रुपयाही घालू नका.

लिनक्स : टायपिंग आणि ब्राउझरच्या मशीनला

लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनला हलकी पडते. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅमवर काम होतं, ८ वर आरामात. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा हवा.

आमचा आग्रह : जुन्या डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स कोंबू नका. जुनी डिस्क काढा, नवी एसएसडी लावा, तिच्यावर मिंट घाला आणि जुनी डिस्क नाव-तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. काही अडलं तर पाच मिनिटांत पूर्वीचं मशीन परत उभं राहतं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवलीत तर घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होत राहतं, कारण विंडोज बोर्डवरची वेळ भारतीय धरते आणि लिनक्स ग्रीनिचची.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफसने मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची प्रत) लिहा. त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. मशीन सुरू करताना डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, वेबकॅम आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बहुतेक ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर तिथे मिळतो. जुनी डिस्क पुढे बाहेरून लावली आणि तिच्यावर लिहिता येत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलेलं असतं. डिस्क काढण्याआधीच ते बंद करा.

प्रिंटरवरच अर्धा निर्णय ठरतो. एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीच्या सॉफ्टवेअरमधून त्याचा वेगळा प्लगइन उतरवावा लागतो, तोवर प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा मात्र डोकेदुखीच, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर धड टिकत नाही. तो प्रिंटर विंडोजच्या मशीनला ठेवा आणि पीडीएफ तिकडे पाठवा.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचे दोन लेआउट मिळतात, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक. जुन्या श्रीलिपीतली पत्रं युनिकोड नसल्यामुळे अगम्य दिसतील. बाजूला काढलेल्या टीटीएफ फाइली बसवल्या की वाचता येतात, पण शोधता येत नाहीत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि आधारच्या बहुतेक बायोमेट्रिक उपकरणांचे ड्रायव्हर विंडोज-अँड्रॉइडचेच असतात. ई-सेवा केंद्राने या वाटेला जाऊ नये.

हात लावायचा नाही असं मशीन

चादरीच्या जकार्ड डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर, समांतर पोर्टला लावायचा लायसन्सचा डोंगल, विंडोज ७ किंवा एक्सपी. याला अपग्रेड नको, एकांत हवा. नेटची वायर काढा, वायफाय कार्ड असेल तर तेही. नुसतं ‘डिस्कनेक्ट’ केलेलं मशीन कुणीतरी गाण्यासाठी परत जोडतंच. सगळं सुरळीत असताना क्लोनझिला या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढा. तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा, लहानवर ती बसत नाही. मग ती प्रत लावून मशीन आणि डोंगल दोन्ही चालतात का ते पाहा.

फाइली पेनड्राइव्हनेच न्यायच्या, आणि तो पेनड्राइव्ह या कामाचाच : आधी अपडेटेड मशीनवर तपासायचा, ऑटोरन दोन्हीकडे बंद. शेअर फोल्डरसाठी नव्या विंडोजमध्ये एसएमबी१ (फाइली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या फटीतून, आणि ती बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेला होता. फोल्डर शेअर करणं टाळताच येत नसेल, तर मधे लहानसं लिनक्सचं मशीन ठेवा. दोन नेटवर्क कार्डं घाला, एकावर फक्त जुनं मशीन, दुसऱ्यावर ऑफिस, आणि एकाकडून दुसरीकडे जायचा रस्ता बंद. जुनं मशीन फाइल तिथे ठेवील, ऑफिस तिथून उचलील.