जड अ‍ॅम्प्लिफायर पार्सलनं पाठवताय? या चुका टाळा

पुण्याहून नागपूरला गेलेला अ‍ॅम्प्लिफायर उघडला, तर खोक्याला पोचासुद्धा नाही, पण आतला ट्रान्सफॉर्मर बोल्टसकट उखडून सर्किट बोर्डावर आडवा पडलेला. असं झालं की सगळे कुरिअरवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. घोळ बहुतेक वेळा पॅकिंगमध्ये असतो. ओरखडा पडू नये म्हणून जिवापाड जपलेलं असतं आणि वजनाचा विचारच केलेला नसतो.

जरा हिशेब मांडा. अ‍ॅम्प हमालाच्या हातून 75 सेंटिमीटरवरून सटकला आणि आदळून एका सेंटिमीटरात थांबला, तर आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या सुमारे 75 पट जोर येतो. 6 किलोच्या ट्रान्सफॉर्मरवर म्हणजे 450 किलोचा! आणि टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल, ट्रान्सफॉर्मर बहुधा मधल्या एकाच बोल्टवर उभा असतो. तेच खालचा फोम 3 सेंटिमीटर दबला, तर जोर 150 किलोच्या आसपास उतरतो.

म्हणून नुसते बबल रॅपचे वेढे घालून भागत नाही. 20 किलोच्या वजनाखाली त्यातली हवा टिकत नाही. थर्माकोलच्या गोळ्यांतून जड वस्तू ट्रकच्या हादऱ्यांनी खाली सरकत सरकत तळाला टेकते, आणि रद्दीचे बोळे एकदा चेपले की पुन्हा फुगत नाहीत. घट्ट ईपीई फोमच्या (पॉलिथिलीनच्या स्पंजसारख्या) शीट आणा, तळाला आणि आठही कोपऱ्यांना किमान 5 सेंटिमीटर जाडी द्या. अ‍ॅम्प ठेवल्यावर फोम किंचित दबला पाहिजे, पार बसता कामा नये. आतला खोका फाइव्ह प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा), बाहेरचा सेव्हन प्लाय, आणि दोन्हींच्या मधेही फोम. बंद केल्यावर हलवून बघा. आत काही सरकलं, तर आळस न करता पुन्हा उघडा.

पुढच्या बाजूची नॉब्ज फार जण विसरतात. फोम थेट व्हॉल्यूमच्या नॉबवर टेकवला, तर सगळा दाब पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे नॉबमागच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, दांड्यावर जातो. नॉबच्या जागी फोमला भोकं पाडा, म्हणजे भार पॅनेलवर येईल. ट्रान्सफॉर्मर एका कडेला असेल, तर त्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘ही बाजू जड’ असं मराठी-हिंदीत लिहा. नाहीतर उचलणाऱ्याला अंदाज येत नाही आणि खोका कलंडतो.

टर्नटेबलची थाळी काढून वेगळी गुंडाळा, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागचं काउंटरवेट आणि पुढचं सुईचं हेडशेल उतरवा, टोनआर्म बांधा. काही जुन्या सीडी प्लेअरना तळाशी ट्रान्सपोर्ट स्क्रू असतो, तो लावून लेन्सची यंत्रणा अडकवायची. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) मात्र कधीही जागेवर ठेवून पाठवू नका. प्रत्येकावर सॉकेटचा नंबर टाका आणि वेगळ्या डबीत घाला.

बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (नुकसानीची जोखीम मालकाची) छापलंय का, हे पैसे देण्याआधी वाचा. तसं असेल, तर विमा वेगळा उतरवावा लागतो. पॅक करतानाचे फोटो आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, वाद झाला तर तेवढाच पुरावा. माल परदेशी जाणार असेल आणि साध्या लाकडाची पेटी करणार असाल, तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीनं प्रक्रिया केलेलं आणि त्यावर तसा शिक्का मारलेला लागतो. प्लायवूडला ही अट नाही, त्यामुळे मी प्लायवूडचीच पेटी सुचवेन.

पार्सल हातात पडलं की लगेच प्लग लावायची घाई नको. पावसाळ्यात किंवा थंडीत आत दमटपणा धरतो, काही तास तसंच राहू द्या. हळूच तिरकं करा. आत काही खुळखुळलं, तर आधी झाकण उघडा. मग शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पला जाणारा करंट बल्बमधून जाईल असा, जोडून करंट द्या. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर बहुतेक ठीक आहे. भगभगीत पेटतच राहिला तर आत शॉर्ट समजा आणि बंद करा. क्लास ए (आवाज नसतानाही सतत करंट घेणारे) आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प मुळातच जास्त करंट ओढतात, त्यांच्या बाबतीत बल्ब पेटता राहिला म्हणून घाबरू नका, थेट मेकॅनिकला दाखवा.