इंग्रजीच्या तासाला विजयी भाषण कसे शिकवावे

अकरावी-बारावीच्या वर्गासाठी बराक ओबामांचे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावरचे, ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे, शिकागोच्या ग्रँट पार्कमधले भाषण सोयीचे पडते. साधारण १७ मिनिटे, २,००० च्या आसपास शब्द, आणि बोलणे ठाशीव. पण सगळे भाषण एका तासात उरकायला जाऊ नका. शिक्षक वाचतात, मुले शब्दार्थ उतरवून घेतात आणि ऐकायचे राहून जाते. दोन तुकडे पुरेत: सुरुवातीचे काही परिच्छेद आणि शेवटचा, ॲन निक्सन कूपर या वृद्ध मतदार बाईंचा भाग.

आदल्या दिवशी

व्हिडिओ उतरवून ठेवा, वर्गातल्या नेटवर विसंबू नका. साठ मुलांच्या खोलीत मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. त्यात जळगाव-धुळ्याच्या मार्चमध्ये पंखे बंद ठेवणे अशक्यच. चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर खोलीच्या मधोमध ठेवा. दोघांत एक झेरॉक्स द्या, ओळींना क्रमांक घाला. भाषणाआधी वाटलेली प्रत आणि प्रत्यक्ष बोलणे यांत फरक असतो, म्हणून मजकूर एकदा रेकॉर्डिंगशी ताडून घ्या. नाहीतर ऐकताना मुले ओळच शोधत बसतात.

पहिला तास: एक लांब वाक्य

आधी कागद न देता ऐकवा. प्रश्न एकच: टाळ्या कुठे पडतात? मग कागद द्या आणि वक्ता थांबतो तिथे तिरकी रेघ मारायला सांगा.

‘हॅलो, शिकागो’नंतरच्या वाक्यात ‘हू स्टिल’ तीनदा येते: डाउट्स, वंडर्स, क्वेश्चन्स. मुख्य वाक्य शेवटी, फक्त चार शब्दांचे: ‘टुनाइट इज युवर आन्सर.’ मुले पहिल्याच क्रियापदाला मुख्य समजतात आणि पुढे भरकटतात. फळ्यावर हे तीन तुकडे एकाखाली एक लिहा, शेवटचे चार शब्द वेगळ्या रंगात. अर्थ ‘ज्याला अजून शंका आहे… त्याला’ अशा जोडीने सांगू द्या. अहिराणीत सांगितला तरी बिघडत नाही. मग मोठ्याने वाचन: तिन्ही तुकड्यांवर आवाज वर ठेवायचा, शेवटी खाली आणायचा. धडा वाचायच्या सवयीने मुले प्रत्येक स्वल्पविरामाला आवाज पाडतात, आणि वाक्य तिथेच संपल्यासारखे वाटते.

दुसरा तास: १०६ वर्षांच्या आजी

खरा माल इथे आहे. अटलांटात मतदान केलेल्या कूपर यांच्या आयुष्यातून ओबामा शतक उलगडतात, पण साल सांगत नाहीत. साले मुलांनी भरायची: पर्ल हार्बरवरचा हल्ला १९४१, माँटगोमेरी १९५५, सेल्माच्या पुलावरचा नागरी हक्कांचा मोर्चा १९६५, चंद्रावर माणूस १९६९, बर्लिनची भिंत १९८९. तयार तक्ता देऊ नका. माँटगोमेरीच्या ‘बसेस’ ऐकून मुलांना एसटी आठवते आणि वाक्य रिकामे जाते. म्हणून आधी सांगा: गोऱ्यांसाठी जागा सोडण्याच्या सक्तीविरुद्ध तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला.

‘येस वी कॅन’ हे पालुपद वर्गाचे दोन भाग करून म्हणवून घ्या. मोर्चातल्या ‘कोण म्हणतं देत नाही’सारखी ही हाक आणि साद आहे, मुलांना शिकवावी लागत नाही. शिकवायचा तो उच्चार. ‘वी’ म्हणताना ओठ गोल करायचे, दात ओठाला लागू द्यायचे नाहीत. ‘कॅन’ इथे शेवटी आहे म्हणून ठसठशीत. वाक्याच्या मध्ये तोच शब्द बहुधा ‘कन्’ इतका बारीक होतो.

मग लेखन

खान्देशातल्या शंभरीच्या एका कल्पित आजीवर १२० शब्दांचा परिच्छेद, किमान चार घटना, स्वतःचे पालुपद. सामग्री भरपूर आहे: १९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन, १९७२ चा दुष्काळ, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभा पाटील यांचे राष्ट्रपती होणे. हमखास चूक काळाची: ‘शी हॅज सीन… इन १९७२’. साल आले की साधा भूतकाळ, ‘शी सॉ’. सध्याच्या पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावे नकोत असे आधीच ठरवा, नाहीतर पुढचा अर्धा तास गल्लीतल्या निवडणुकीवर जातो.

तिसरा तास मिळाला तर त्याच रात्रीचे, हरलेले उमेदवार जॉन मकेन यांचे पराभव मान्य करणारे भाषण घ्या. ओबामांचे नाव येताच मकेन यांचे समर्थक हुर्यो करतात आणि मकेनच त्यांना शांत करतात. दोघे एकमेकांचा उल्लेख कोणत्या शब्दांत करतात, तेवढ्याच ओळी शोधायला द्या. गुण द्यायचे तर वाचनाला निम्मे ठेवा, आणि त्यातही पाठांतराला नव्हे, थांबण्याच्या जागांना.