कर्जासोबत विमा गळ्यात मारला गेलाय का? असं तपासा

माझ्या मेहुण्याने तीन वर्षांपूर्वी दुकानात माल भरायला पाच लाखांचं पर्सनल लोन काढलं. खात्यात आले ४,७२,७०० रुपये. प्रोसेसिंग फी कापली असेल, असं धरून तो गप्प राहिला. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं कागद पसरून बसलो. फी दोन टक्के, म्हणजे १०,०००. त्यावर जीएसटी १,८००. इथवर हिशेब जुळला. उरलेले १५,५०० कुठे गेले?

मंजुरीपत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ते सापडले. कर्जाचा विमा होता, आणि तोही नोकरी गेली तर हप्ते भरणारा. मेहुण्याचं किराणा दुकान आहे. त्याने आयुष्यात नोकरी केलेली नाही. सही मात्र त्याचीच होती, कारण दाखवाल तिथे सह्या करायच्या असतात, असंच आपण सगळे समजतो.

ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रकार लाखो लोकांच्या बाबतीत घडला. तिथे त्याला 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स' म्हणत. स्वतःचा धंदा असलेल्यांना, निवृत्तांना नोकरी जाण्याचा विमा विकला गेला. शेवटी तिथल्या बँकांना आणि वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. तक्रारीसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख होती. आपल्याकडे अशी मोहीम झालेली नाही, त्यामुळे आपला कागद आपणच शोधायचा.

आधी पैशांचा माग काढा

मंजूर रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम शेजारी शेजारी लिहा. फरकातून फी, जीएसटी, स्टँप ड्युटी वजा करा. काही उरलं तर बहुधा तो विमा.

गृहकर्जात मात्र हा फरक दिसत नाही, कारण तिथे विम्याचा हप्ता कर्जातच मिळवतात. तुम्ही ३० लाख मागितले आणि कर्ज खात्यावर मुद्दल ३१ लाख २० हजार दिसतंय का, ते पाहा. वरचे १ लाख २० हजार म्हणजे विम्याचा एकरकमी हप्ता. ९ टक्के व्याजाने २० वर्षांत त्यापायी महिन्याला सुमारे १,०८० रुपये जादा जातात आणि एकूण जवळजवळ २ लाख ५९ हजार भरले जातात. काउंटरवर 'महिन्याला हजार रुपये तर आहेत' एवढंच ऐकवतात.

१ ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर काम सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडणारं पत्रक, द्यावंच लागतं. त्यात विम्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते आणि वार्षिक खर्चाच्या टक्केवारीतही धरावी लागते. त्या पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

पासबुकात वर्षाला ४३६ किंवा २० रुपये गेलेले दिसले तर ते वेगळं प्रकरण आहे. त्या जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या सरकारी योजना आहेत. कर्जाच्या विम्यात त्या मिसळू नका.

मग कागद मागा, आणि लेखी मागा

तोंडी विचारलं की 'साहेब रजेवर आहेत' हेच उत्तर मिळतं. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती न्या आणि एकीवर सहीशिक्क्यानिशी पोच घ्या. आम्ही लिहिलेला मजकूर असा होता:

'माझ्या कर्ज खात्यातून विमा हप्त्यापोटी रु. १५,५०० वळते करण्यात आले आहेत. या विम्याचा नोंदणी अर्ज, माझ्या संमतीचा पुरावा, विमा प्रमाणपत्र, अटींची प्रत आणि पडताळणी कॉलचे ध्वनिमुद्रण मला मिळावे, ही विनंती.'

यातला नोंदणी अर्ज सगळ्यात महत्त्वाचा. त्यावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का, ते तपासा. कधी कधी तिथे भलताच पत्ता भरलेला असतो आणि पॉलिसी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय? मेहुण्याच्या अर्जात 'नोकरदार' यावर खूण होती. अक्षर त्याचं नव्हतं.

तब्येतीची माहिती तर नीट वाचाच. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असताना सगळीकडे 'नाही' भरलेलं असेल, तर उद्या घरच्यांचा दावा त्याच कारणाने अडू शकतो. पैसे परत मिळण्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते.

चुकीने विकला, हे कशावरून ठरवायचं?

मुळात विमा वाईट नाही. कर्ता माणूस गेला तर कर्ज फिटतं आणि घर राहतं. प्रश्न इतकाच की तुम्हाला सांगितलं होतं का, आणि नाही म्हणायची मोकळीक होती का. बँकेतून विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि तो कर्जाशी जोडता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. तारण घराचा विमा हवा, असं बँक म्हणू शकते, पण तो अमुकच कंपनीचा घ्या, असा हट्ट धरता येत नाही.

'विम्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही' असं सांगितलं गेलं असेल, तर तो शब्द कोणी, कधी, कुठे उच्चारला ते आजच लिहून ठेवा. 'फोन येईल, फक्त हो म्हणा' असं शिकवलं असेल तर तेही लिहा. कर्ज २० वर्षांचं आणि विमा ५ वर्षांचा, तेही न सांगता, हीसुद्धा फसगतच. आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता भरा म्हणून निरोप आला, तर कर्जाच्या विम्याच्या नावाखाली बचतीची पॉलिसी विकली गेली असण्याची दाट शक्यता आहे.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

पॉलिसी नुकतीच हातात पडली असेल तर आधी 'फ्री लूक' बघा. या मुदतीत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ ३० दिवसांचा आहे. तुमचा विमा बँकेच्या अनेक कर्जदारांना मिळून काढलेला गटविमा असेल, तर त्याच्या प्रमाणपत्रावर काय छापलंय तेही पाहा. मात्र घरात दुसरा टर्म विमा (मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा) नसेल, तर तो हातात आल्याशिवाय हा रद्द करू नका.

मुदत उलटली असेल तर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला एकच पत्र पाठवा. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. बँकेच्या वागण्याबद्दलची तक्रार वेगळी, ती ३० दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करायची, फोन १४४४८. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

ज्यांनी कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, त्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. एकरकमी हप्ता पूर्ण मुदतीचा भरलेला असतो, मग उरलेल्या काळाचं काय? प्रमाणपत्रात बहुधा विमा चालू ठेवण्याचा किंवा बंद करून काही रक्कम परत घेण्याचा पर्याय लिहिलेला असतो. बँक आपणहून आठवण करील, या भरवशावर राहू नका.

मेहुण्याच्या पत्राला विमा कंपनीचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. 'नोकरदार' ही खूण त्यांनाही नाकारता आली नाही. १५,५०० रुपये खात्यात परत आले. त्या रकमेवर तीन वर्षं भरलेलं व्याज बँकेने अजून दिलेलं नाही. त्याचा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी टाकला आणि पोच घेतली.