पॉवर स्टेअरिंगचा पंप ओरडतोय? नवा आणण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे लसणाच्या गाड्या रिव्हर्स घेऊन लागत असतात, तेव्हा एक आवाज हमखास कानावर पडतो. ड्रायव्हर जागेवर स्टेअरिंग फिरवतो आणि केबिनखालून ‘घूंऽऽ’ असा लांब सूर निघतो. रेस दिली की सूर चढतो, सोडली की उतरतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची असली की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात: पंप गेला.

आमच्या सहाचाकी गाडीबद्दलही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. बाबांनी पंप बदलून घेतला, त्याच संध्याकाळी माल भरून गाडी धुळ्याकडे निघाली, आणि सेंधव्याच्या अलीकडेच नवा पंप जुन्यासारखाच ओरडायला लागला. परत आल्यावर ट्रान्सपोर्ट नगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीकडून पंपाकडे येणारा जाड रबरी पाइप काढला, ब्लेडनं उभा चिरला आणि माझ्या हातात ठेवला. बाहेरून पाइप ठणठणीत होता. आतला थर मात्र सोलून सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. “तेल गार असतं तोवर ही जीभ पडून राहते. तेल तापलं, पंपानं ओढ घेतली, की ही उठते आणि तोंड बंद करते. पंप उपाशी आहे रे, तो ओरडणार नाही तर काय करणार?” काका म्हणाले.

मोठी चूक इथेच होते. आवाज पंपातून येतो म्हणून दोष पंपाचाच, असं आपण धरून चालतो. पंपाला पुरेसं आणि बिनहवेचं तेल पोचतंय का, हे आधी पाहायला हवं. तेवढं पाहायला अर्धा तास लागतो.

पंप आत काय करतो

बहुतेक ट्रकांचा पंप व्हेनचा असतो. मधे फिरणारा रोटर, त्याच्या खाचांत सरकणाऱ्या बारीक पट्ट्या आणि भोवती लंबगोल कडं. टाकीतून तेल जवळजवळ आपल्याच वजनानं खाली येतं आणि बाहेर पडताना त्याचा दाब शंभर बारच्याही वर जाऊ शकतो. ट्रकच्या टायरमधली हवा सात-आठ बारची असते, त्यावरून अंदाज करा. आत येणारं तेल कमी पडलं किंवा त्यात हवा मिसळली की पंपात बुडबुडे होतात आणि दाबाच्या बाजूला पोचताच ते फुटतात. तो सूर म्हणजे हे फुटणं. प्रत्येक बुडबुडा फुटताना कड्याच्या आणि प्लेटच्या धातूला बारीक टोचतो, म्हणून आज ओरडणारा पंप चांगला असला तरी महिनाभर तसाच चालवला तर खरोखर खराब होतो. आवाज ऐकून ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणणं महागात पडतं ते यामुळेच.

आवाज नीट न ऐकता निदान करणे

सगळे आवाज सारखे नसतात. स्टेअरिंग एका टोकापर्यंत पूर्ण वळवल्यावर ‘स्स्स्’ असा आवाज येतो आणि थोडं परत घेतलं की थांबतो, तो रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारी झडप, उघडल्याचा आहे. तो बिघाड नाही. फक्त टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेवढ्यात तेल खूप तापतं. किंचाळल्यासारखा आवाज वळवायला सुरुवात करताच आला आणि पंप पट्ट्यावर चालणारा असेल, तर पट्टा घसरतोय. स्टेअरिंगला हात न लावताही खरखर येत असेल तर बेअरिंग बघा, पण ते पंपाचंच असेल असं नाही. अल्टरनेटर, वॉटर पंप, फॅनचं बेअरिंग, हवेचा कॉम्प्रेसर हे सगळे शेजारीशेजारी बसलेले असतात. लांब पान्याचं एक टोक पंपाच्या बॉडीवर आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवा, मग पंपावरचं टोक उचलून बाकीच्यांवर टेकवा. फरक लगेच कळतो. हे करताना गमछा, ओढणी, सैल बाही फॅनपासून दूर ठेवा.

इंजिन बंद करून टाकी बघणे

टाकीचं झाकण उघडून तेल आहे एवढं बघितलं की काम झालं, असं वाटतं. पण खरी गोष्ट इंजिन चालू असताना दिसते. चाकं सरळ ठेवा, गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता, ठेवा आणि टॉर्च धरून आत बघा. लाल तेल स्वच्छ दिसलं पाहिजे. गुलाबी सरबतात दूध ओतल्यासारखं फिकट आणि फेसाळ दिसलं तर त्यात हवा आहे. मग इंजिन बंद करून पातळी किती चढते ते बघा. 1 ते 2 सेंटीमीटर चढली तर ठीक. त्याहून जास्त चढली, म्हणजे पाइपांत आणि स्टेअरिंग बॉक्समध्ये (चाकं वळवणाऱ्या पेटीत) दबलेली हवा फुगून तेलाला वर ढकलतेय. ही तपासणी फुकट आहे आणि तिच्याइतकं खरं निदान दुसऱ्या कशातून होत नाही.

टाकीच्या आत जाळी किंवा कागदाचा फिल्टर असतो. त्याची आठवण सहसा कोणालाच राहत नाही. तो चोंदला तर तेल टाकीतच अडतं. दर वेळी तेल बदलताना फिल्टर बदला. जाळी असेल तर डिझेलनं धुऊन, वाळवून, फुटली नाही ना हे उजेडात धरून बघा.

“थेंब पडत नाही, म्हणजे पाइप ठीक आहे”

टाकी ते पंप हा पाइप ओढीचा असतो. त्याला भेग पडली की इंजिन चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही. फार तर पाइप आवळणाऱ्या क्लिपेच्या कडेला धूळ चिकटून ओलसर काळी कडी तयार होते. ती दिसली की तिथे थांबा.

मिस्त्रीकाकांची पद्धत अशी: इंजिन चालू ठेवून ओढीच्या पाइपाच्या दोन्ही सांध्यांवर ग्रीसचा जाड लपका लावायचा. आवाज कमी झाला किंवा बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय. नाही बदलला, तर पाइप काढून आतून बघायचा. हातानं दाबून बघा, कडक झालेला किंवा उलट लिबलिबीत झालेला पाइप ठेवू नका. आमच्यासारखा आतून सोललेला पाइप बाहेरून ओळखू येत नाही. त्याची खूण वेगळी: सकाळी गाडी गप्प, दोन तास चालल्यावर आवाज, आणि रेस जास्त असताना जास्त.

इथे एक चूक मी रस्त्यावरच्या दुकानांत पुन्हा पुन्हा बघतो. पाइप नाही मिळाला म्हणून रेडिएटरचा पाइप कापून लावतात. बसतो छान, पण रेडिएटरचं रबर पाण्यासाठी बनवलेलं असतं, तेलात ते फुगतं आणि मऊ पडतं. काही आठवड्यांत आतून सुटायला लागतं आणि रबराचे कण थेट पंपात जातात. तेलाचाच पाइप मागा, लांबी आणि आतला व्यास जुन्याप्रमाणेच घ्या, आणि वळण घेताना कुठे चिमटत नाही ना ते बघा. क्लिपेऐवजी तार गुंडाळणं तर करूच नका. तार दोन जागी दाबते, बाकी गोल मोकळाच राहतो.

तेल कुठलंही चालतं, ही समजूत

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. तुमच्या गाडीला कोणतं, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा आणि तेच घाला. घाटात तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑईल ओतलेली गाडी मी पाहिली आहे. पुढच्या दोन महिन्यांत पंप आणि बॉक्स दोन्हींची सील फुगून गळायला लागली. ब्रेक ऑईल चुकून पडलंच तर इंजिन सुरू न करता सगळं तेल काढून टाका.

जाड तेल घातलं की आवाज दबतो, असंही सांगितलं जातं. जानेवारीत इंदूरची पहाट 10 अंशांखाली जाते, तेव्हा तेच जाड तेल पाइपातून पंपापर्यंत वेळेत पोचत नाही आणि पहिली दहा मिनिटं पंप जास्तच ओरडतो. आवाज फक्त थंड सकाळी येत असेल तर आधी तेल कोणतं आहे ते विचारा.

तेल कमी होतंय, पण गळत कुठेच नाही

ज्या गाड्यांचा पंप पट्ट्यावर नसून इंजिनाच्या गिअरवर बसतो, तिथे हे फार लक्ष देऊन बघायला हवं. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की स्टेअरिंगचं तेल जमिनीवर न पडता सरळ इंजिनात उतरतं. टाकी दर आठवड्याला अर्धा लिटर मागते, गाडीखालची जमीन कोरडी, आणि ड्रायव्हर बिचारा तेल पीत असल्याच्या आरोपाखाली. असं असेल तर इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढा. पातळी चढलेली असेल तर उत्तर मिळालं. पातळ एटीएफ मिसळलेलं इंजिन ऑईल बेअरिंगांना धरून ठेवत नाही, त्यामुळे सील बदलताना इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टरही बदलावा लागतो. त्याच सीलमधून पंप हवाही ओढू शकतो. म्हणजे पाइप आणि क्लिपा सगळ्या नव्या असूनही फेस जात नसेल तर संशय या सीलवर घ्या.

बाहेर गळती असेल तर पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या दाबाच्या पाइपावरून हात फिरवून शोधू नका. त्या दाबानं बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते, वर दिसतो फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका, आणि आत हात सडायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरा, डाग पुठ्ठ्यावर पडेल. हाताला धार लागलीच तर दुखत नसलं तरी तडक इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात किंवा जवळच्या सर्जनकडे जा, आणि तेल दाबानं आत गेलंय हे त्यांना स्पष्ट सांगा.

जड स्टेअरिंगचा राग पंपावर काढणे

पुढची चाकं जॅकवर उचला, गाडी नीट टेकू लावून ठेवा आणि इंजिन बंद असताना स्टेअरिंग फिरवा. तरीही जड जात असेल तर गुन्हेगार खाली आहे: ग्रीस न मिळालेली किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), तिचं भार झेलणारं थ्रस्ट बेअरिंग, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टायरॉडचे कोरडे बॉल. पंप त्या सगळ्याविरुद्ध जोर लावत कण्हतो. पुढच्या टायरची हवाही बघा. आणि मंडीत भरलेली गाडी जागेवर उभी ठेवून स्टेअरिंग फिरवायची सवय सोडा. चाक थोडं जरी गडगडत असलं तरी पंपावरचा भार खूप कमी होतो.

हवा काढण्याची घाई

पाइप बदलला, तेल भरलं, इंजिन सुरू केलं आणि जोरात दोन्हीकडे स्टेअरिंग घुमवलं. ही घाई नव्या पंपाला पहिल्याच मिनिटात इजा करते. असं करा: पुढची चाकं उचललेली राहू द्या. टाकी भरा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. एक माणूस टाकीशी उभा राहून तेल ओतत राहील, पातळी पाइपाच्या तोंडाखाली जाता कामा नये. बुडबुडे येणं थांबलं की इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि तेच परत करा, टोकाला न दाबता. तेल फेसाळलं असेल तर गाडी बंद करून तासभर थांबा. फेस निवळायला वेळ लागतोच, रेस देऊन तो जात नाही.

शेवटी पंपच गेला असेल तर

टाकीत चुंबक फिरवा किंवा तेलाचे चार थेंब पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरा. चकाकणारी भुकटी दिसली, तर पंप आतून झिजला आहे. हे सगळं करूनही आवाज राहिला आणि स्टेअरिंग आयडलवर जड, रेस दिली की हलकं वाटत असेल, तरी पंपाकडेच बोट जातं. दाबाचं मीटर असलेल्या मिस्त्रीकडे तपासून घ्या. पंपावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब मिळतो का तेवढं बघायचं असतं, आणि मीटरचा व्हॉल्व्ह पाच सेकंदांहून जास्त बंद ठेवायचा नसतो. अशी गाडी तोवर गणेश घाटात किंवा बिजासन घाटात उतरवू नका. धुळ्याकडे जाताना दोन्हीकडे उतारच लागतो, आणि वळणावर पंपाची मदत सुटली तर ते चाक एकट्या माणसाच्या हातांना आवरत नाही.

नवा पंप बसवताना जुनं तेल तसंच ठेवू नका, त्यातली भुकटी नव्या पंपाला खाईल. रिटर्नचा, म्हणजे टाकीकडे तेल परत आणणारा, पाइप बादलीत सोडून स्वच्छ तेल येईपर्यंत धुवा, टाकी आतून पुसा, फिल्टर नवा घाला, ओढीचा पाइप आणि त्याच्या दोन्ही क्लिपा नव्या घ्या. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, त्या क्लिपा परत एकदा आवळा. आमच्या गाडीच्या क्लिपा तेव्हा अर्धा आटा आणखी बसल्या होत्या.