माजी विद्यार्थ्यासोबत दोन दिवस: जॉब शॅडोइंग कसे ठरवावे

ज्या क्षेत्रात जायचे मनात आहे, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी एक-दोन दिवस बसून त्याचे काम जसे चालते तसे पाहणे, म्हणजे जॉब शॅडोइंग. यात विद्यार्थ्याने स्वतः काम करायचे नसते. त्यामुळे ही इंटर्नशिप नव्हे आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीसाठी करावे लागणारे ऑन जॉब ट्रेनिंगही नव्हे; त्या ट्रेनिंगमध्ये एका क्रेडिटमागे ३० तास मोजले जातात, तर या दोन दिवसांतून क्रेडिटची अपेक्षा धरू नये आणि प्रमाणपत्रही मागू नये. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांची गाठ घालून देण्याचे काम मी महाविद्यालयात अनेक वर्षे करत आहे. ‘ओळखी वाढवा, जाताना रेझ्युमे न्या’ हा सल्ला मुलांना सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. रेझ्युमे हातात पडताच समोरचा माणूस नोकरी मागायला आलेल्याशी बोलावे तसा जपून बोलू लागतो, आणि मग पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही.

माणूस शोधणे

विभागातील प्राध्यापक, माजी विद्यार्थी संघाची यादी, लिंक्डइन, यांपैकी कोणताही मार्ग चालेल. मात्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीपेक्षा पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेली व्यक्ती निवडावी, कारण तुमच्या वाट्याला सुरुवातीला जे काम येणार आहे ते अजून तिच्याच टेबलावर असते.

दिवस ठरवणे

खरी अडचण येथे आहे. ‘आपल्या सोयीने कोणताही दिवस द्यावा’ असे विद्यार्थी लिहितात आणि त्यात त्यांना नम्रता वाटते. आपल्या कॉलेजचे मूल येणार म्हणून तो माजी विद्यार्थीही हौसेने मोकळा दिवस काढून ठेवतो. मग ऑफिस दाखवले जाते, साहेबांशी ओळख होते, जेवण होते, दुपारी करिअरविषयी तासभर गप्पा होतात आणि मूल खूश होऊन परत येते. पण ज्याचे काम पाहायला ते गेले होते, त्याने त्या दिवशी काम केलेलेच नसते. आमच्याकडे सुरुवातीच्या बहुतेक भेटी अशाच होत असत. ‘त्यांनी आज काय ठरवले? काय परत पाठवले? कुठे अडले?’ असे विचारले की मुलांकडे उत्तर नसे, आणि आदरातिथ्य इतके मनापासून केलेले असे की त्याबद्दल तक्रार करणेही जड जाई.

यावर मला सापडलेला उपाय एकच आहे: त्या व्यवसायाचा महिना किंवा दिवस कसा चालतो हे आधी समजून घ्यावे आणि नेमका दिवस स्वतः मागावा. सनदी लेखापालाच्या कार्यालयाचे उदाहरण घ्या. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणारा खरेदीचा तक्ता, तयार होतो आणि मासिक विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी, म्हणजे कराचे महिन्याचे विवरण, २० तारखेपर्यंत भरायचा असतो. १९ आणि २० तारखेला तेथे तुमच्याकडे मान वर करून पाहायलाही कुणाला सवड नसते. पण १५ ते १७ या दिवसांत अशिलाची खरेदीची बिले २बीशी जुळवली जातात, एखाद्या पुरवठादाराने बिल दाखवलेलेच नाही असे लक्षात येते, त्याला फोन जातो, आणि खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, या महिन्यात घ्यायचे की थांबायचे यावर चर्चा होते. पुस्तकात दोन ओळींत संपणारा विषय तेथे माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतो.

स्थापत्य अभियंत्याकडे जाणारे विद्यार्थी हमखास स्लॅब टाकण्याचा दिवस मागतात. तो दिवस पाहायला भव्य असतो, पण अभियंत्याचा कस त्याच्या आदल्या दिवशी लागतो. सेंट्रिंगचे टेकू नीट आहेत का, सळ्यांमधील अंतर नकाशाप्रमाणे आहे का, सळ्या साच्यापासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक सरकले आहेत का, हे तो वाकून, टेप लावून तपासतो आणि कंत्राटदाराची घाई असतानाही एखादा भाग पुन्हा बांधायला लावतो. एकदा काँक्रीट पडले की यातले काहीच दिसत नाही. म्हणून दोन्ही दिवस मिळाले तर उत्तम, एकच मिळणार असेल तर आदला दिवस मागावा.

वृत्तपत्राच्या डेस्कवर सकाळी जाण्यात अर्थ नाही. दुपारनंतर जावे आणि डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पाने सुटून शहर आवृत्तीची पाने लागेपर्यंत थांबावे, म्हणजे तीच बातमी कशी लहान होते, खाली सरकते किंवा निघून जाते ते कळेल. वकिलाकडे जाणाऱ्याने एखादा उलटतपास असेल तो दिवस मागावा, कारण नुसत्या पुढच्या तारखा पडणाऱ्या बोर्डावरून, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवरून, फारसे हाती लागत नाही. मात्र येथे एक ताकीद द्यावीशी वाटते. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. पक्षकार चेंबरमध्ये येऊन बसला की कुणी सांगण्याची वाट न पाहता आपण उठून बाहेर थांबावे.

विनंती

दिवस ठरला की संदेश सोपा होतो. तो असा असावा: ‘नमस्कार सर, मी आपल्याच महाविद्यालयात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षात शिकते. येत्या १६ आणि १७ तारखेला आपल्या कार्यालयात २बीशी बिले जुळवण्याचे काम चालू असताना शेजारी बसून पाहण्याची परवानगी मिळेल का? आपले काम नेहमीसारखेच चालावे, माझ्यासाठी वेगळा वेळ काढू नये, एवढीच विनंती आहे. तेथे पाहिलेले अशिलांचे कोणतेही तपशील मी बाहेर सांगणार नाही.’ शेवटची दोन वाक्ये गाळू नयेत. परवानगी बहुधा त्यांच्यामुळेच मिळते. आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा करू नये. कॉलेजचे पत्र सोबत जोडावे. फोनवर दादा किंवा ताई म्हणण्याइतकी जवळीक असली, तरी त्यांच्या सहकाऱ्यांसमोर सर किंवा मॅडमच म्हणावे.

त्या दिवशी

वही न्यावी, फोन पिशवीत ठेवावा, आणि कारखान्यात किंवा साइटवर जायचे असेल तर सेफ्टी शूज व हेल्मेटची सोय आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. प्रश्न मनात आला की वेळ टाकून लिहावा आणि काम थांबेल तेव्हाच विचारावा: ‘सव्वाअकराला ते बिल तुम्ही बाजूला का ठेवले?’ असे विचारले की माणूस रंगून सांगतो. ‘आम्हा विद्यार्थ्यांना काय सल्ला द्याल?’ असे विचारले की तो भाषण करतो, आणि तसे भाषण तुम्ही स्नेहसंमेलनात ऐकलेले असते.

नंतर

त्याच रात्री, दिवसभरात पाहिलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीचा उल्लेख करून आभाराचा संदेश पाठवावा. त्यानंतर कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी गेल्यास तेथे काय पाहायला मिळते आणि कोणत्या दिवशी जाऊ नये, एवढे अर्ध्या पानात लिहून विभागात द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी जाणाऱ्याला दिवस ठरवताना ते हाताशी असेल.