कापडी भातुकली शिवताय? या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्यांचा एक वेगळाच गट जमतो. तरुण आया, एखादी आजी, कधी एखादी मावशी. ब्लाउज-परकर त्यांना नको असतो, घरातल्या पोरांसाठी कापडी भातुकली शिवायची असते. वांगी, मटार, भाकरी, मोदक, डॉक्टरची बॅग, पोस्टमनची झोळी. मला हे काम मनापासून आवडतं. कपाटात पडून राहिलेल्या कतरणीतून एक आख्खा बाजार उभा राहतो. पण गेली अकरा वर्षं मी त्याच त्या चुका बघते आहे आणि बहुतेकींचं मूळ एकच आहे: वस्तू फोटोत कशी दिसेल याचा विचार होतो, हातात कशी टिकेल याचा होत नाही. मूल ती ओढणार, चावणार, तिच्यावर बसणार, बादलीत बुडवणार आणि रात्री उशाशी घेऊन झोपणार. हे धरूनच पहिला टाका घालायला हवा.

घरातलं सगळ्यात लहान मूल कोण, ते आधी विचारा

चार वर्षांपूर्वी भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला मी भाजीची टोपली शिवून दिली. गाजरं, वांगी, मिरच्या आणि मटाराच्या सहा शेंगा. शेंगा फार सुरेख जमल्या होत्या. हिरव्या पोपलीनच्या दोन पाकळ्या, आतून फिकट अस्तर, तोंडाला वेल्क्रोची बारीक पट्टी, आणि आत तीन-तीन सुटे दाणे, पाऊण इंचाचे, गच्च भरलेले. भाची तासन्‌तास शेंगा सोलायची आणि दाणे वाटीत टाकायची. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिचा धाकटा तेव्हा दहा महिन्यांचा होता, नुकता रांगायला लागलेला. भाची स्वयंपाकघरात येऊन अगदी सहज म्हणाली होती, "आई, बाळाने मटार खाल्ला." बहीण धावली. दाणा गालात दिसत होता म्हणून लगेच काढता आला. मी त्याच संध्याकाळी एसटीने तिच्याकडे गेले आणि अठराच्या अठरा दाणे मोजून परत घेऊन आले.

मी पाच वर्षांच्या मुलीचा हिशोब धरला होता, धरायला हवा होता दहा महिन्यांच्या बाळाचा. घरात धाकटं भावंड नसलं तरी शेजारचं येतं, पाहुण्यांचं येतं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक छोटी नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे आपला सव्वा इंच. न दाबता त्या नळीत मावेल ती वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. कापडी दाणा तर दाबला की आणखी लहान होतो. म्हणून मी दोन इंचांखालचं सुटं काहीही कुणाला शिवून देत नाही, आणि माझ्या वर्गात शिवूही देत नाही.

आता मी मटार असा करते. अडीच इंच रुंद आणि सहा इंच लांब पट्टी घ्यायची, उभी दुमडून बारीक टीप मारायची, उलटवून तिच्यात फायबर, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, भरायचं आणि दोन्ही टोकं बंद करायची. मग जाड दुहेरी दोरा घेऊन दर सव्वा इंचावर चार-पाच वेढे आवळायचे. प्रत्येक वेढ्यानंतर सुई कापडातून आरपार नेऊन दोरा पक्का करायचा, नुसत्या गाठीवर सोडायचा नाही. दाण्यांची माळ तयार होते. तिचं एक टोक शेंगेच्या देठात शिवणीबरोबरच धरायचं. मूल शेंग उघडतं, माळ बाहेर ओढतं, पुन्हा आत घालतं. सोलण्याची सगळी मजा मिळते आणि एकही दाणा सुटा होत नाही.

बटणांचे डोळे, मणी, टिकल्या, घुंगरू यांचंही तसंच. तीन वर्षांखालचं मूल आसपास असेल तर मी ते लावतच नाही. डोळा साखळी टाक्याने भरायला पाच मिनिटं लागतात.

चुंबकाबद्दल तर माझं मत ठाम आहे. मासे पकडायच्या खेळात छोटे, ताकदवान चुंबक शिवायची टूम आली आहे. ते वापरू नका, दुहेरी कापडात शिवले तरी नको. शिवण उसवली आणि दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भागाला भोक पाडू शकतात. ऑपरेशनपर्यंत वेळ येते. माशाच्या तोंडाला कापडी कडं आणि गळाला वाकवलेल्या फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचा, आकडा लावा, मुलं त्यानेही तितक्याच उत्साहाने मासे पकडतात.

ग्लू गन ड्रॉवरमध्येच राहू द्या

ग्लू गनने गरम गोंद लावून चिकटवणं हा घाईचा रोग आहे. फेल्टची थाळी करायची, वर भात, वरण, लोणच्याची फोड, सगळं चिकटवून टाकायचं, अर्ध्या तासात काम संपलं. एका शिकणाऱ्या मुलीने अशी सुंदर थाळी केली आणि भावाच्या गाडीत मागच्या काचेपाशी ठेवून गावाला नेली. मे महिना होता, गाडी दुपारभर उन्हात बंद उभी होती. पोचेपर्यंत पापड वरणात आणि लोणचं सीटला. हा गोंद मुळात तापवून पातळ केलेला असतो, पुन्हा तापला की पुन्हा सैल होणारच. तो टिकला तरी त्याची कडक कड मुलं नखाने खरवडून काढतात आणि तोंडात घालतात. लोणच्याची फोड काज टाक्याने लावायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर थाळीत एक पदार्थ कमी ठेवा.

केळं वाकडं का होतं

दर बॅचला एक तरी बाई केळं घेऊन माझ्याकडे येते. बाहेरची बाजू बरी असते, आतल्या वळणावर सुरकुत्या पडलेल्या, टोक आत अडकलेलं, आणि भरायच्या तोंडाशी कापूस डोकावतोय. "मशीन नीट चालत नाही हो," असं म्हणते. मशीनचा काही दोष नसतो.

पहिली गोष्ट मायेची, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कापडाची. कपडे शिवणाऱ्यांना अर्धा इंच माया सोडायची सवय असते. चार इंचांच्या केळ्याला अर्धा इंच माया म्हणजे आत नुसती चिंध्यांची गर्दी. उलट काही जणी कापड वाचवायला कडेपासून दोन दोऱ्यांवर टीप मारतात, मग पहिल्या ओढीला शिवण उसवते. मी पाव इंच धरते. कापताना नाही, आधी खडूने शिवणीची रेघ आखते, रेघेवर टीप मारते आणि मगच पाव इंच सोडून कापते. छोट्या वस्तूत आधी कापून मग शिवायला गेलं की दोन तुकडे कधीच नीट जुळत नाहीत. मी हे प्रत्येकीला सांगते आणि निम्म्या जणी तरीही आधी कापतात.

दुसरी गोष्ट टाक्याची. कपड्याच्या टिपेला मशीनवर जो टाका लावतो तो भरीव वस्तूला लांब पडतो. भरण कापडाला आतून ढकलतं, टाके ताणले जातात आणि पांढरे दात दिसायला लागतात. टाका दीड ते दोन मिलिमीटरवर आणा. वळणावर हाताने चाक फिरवत जा, आणि सुरुवातीला व शेवटी तीन-चार टाके मागे घ्या.

तिसरी गोष्ट, जी जवळजवळ सगळ्या विसरतात: कात्रे, म्हणजे मायेला कात्रीने दिलेले छोटे काप. केळ्याच्या आतल्या वळणावर मायेला दर पाव-अर्ध्या इंचावर सरळ कात्रे द्यायचे, बाहेरच्या वळणावर छोटे त्रिकोण उडवायचे. कात्रीचं टोक टिपेपासून दोन दोरे अलीकडे थांबलं पाहिजे. आतलं वळण उलटवलं की तिथल्या मायेला पसरायला जागा लागते, कात्रे नसले तर ती ओढून धरते आणि सुरकुती पडते. बाहेरच्या बाजूला माया जास्त होते आणि तिचे ढेकूळ होतात. हे एकदा हाताने करून पाहिलं की पुन्हा कधी सांगावं लागत नाही.

उलटवायचं तोंड वळणावर ठेवू नका, सरळ बाजूला ठेवा, दोन इंचांचं, आणि तिथे माया अर्धा इंच सोडा म्हणजे ती आत दुमडून बसते. टोक बाहेर काढायला कात्री घालणारी बाई दिसली की मी तिच्या हातातून कात्री काढून घेते. रंगाच्या ब्रशचं मागचं टोक वापरा. भरताना फायबर पिंजून, चिमटीभर घेऊन आधी टोकांत भरा, मग मध्यभागी. मोठा गोळा कोंबला की केळ्याला गाठी येतात आणि त्या नंतर दाबून जात नाहीत. तोंड बंद करताना सुई एका दुमडीच्या आतून पाव इंच न्यायची, समोरच्या दुमडीत शिरायची, परत इकडे यायचं, आणि पाच-सहा टाक्यांनंतर दोरा ओढायचा. दोन्ही कडा आपोआप मिटतात आणि टाका दिसत नाही.

आकार कळत नसेल तर सावंतवाडीची लाकडी फळं बघा. चितारआळीतले कारागीर केळ्याचं, आंब्याचं, सीताफळाचं मुख्य वळण तेवढं पकडतात आणि बाकीचं रंगावर सोडतात. कापडातही तेच करावं.

गळ्याशी नाडी नको

केप असो, वारकऱ्याचं उपरणं असो किंवा डॉक्टरचा स्टेथोस्कोप, गळ्यात अडकणारी वस्तू गाठीची नसावी. पळताना केप घसरगुंडीच्या खिळ्यात किंवा दाराच्या कडीत अडकतो आणि गाठ सुटत नाही. मी दोन्ही बाजूंना इंचभर वेल्क्रो लावते, ओढ बसली की लगेच सुटेल इतकाच. त्याची खरखरीत बाजू बाहेर तोंड करून आणि मऊ बाजू मानेकडे लावायची, नाहीतर मान लाल होते आणि मूल पुन्हा केप घालत नाही. स्टेथोस्कोपची नळी गोल जोडू नका, मागे मानेवर वेल्क्रोने उघडणारी ठेवा. आणि चिकटपट्टी असलेला वेल्क्रो मशीनखाली घालू नका. सुईला गोंद लागतो, टाके सुटतात, दोरा तुटतो आणि तुम्ही पुन्हा मशीनला दोष देता.

खोटा खिसा

पोस्टमनच्या झोळीवर मी पूर्वी नुसती झाकणाची पट्टी शिवायचे, दिसायला झोळीसारखी. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने हातात पत्र घेऊन ते झाकण तीनदा उचलायचा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, पत्र कुठे ठेवू?" त्या दिवसापासून माझ्याकडे खोटा खिसा शिवला जात नाही. मुलाच्या दृष्टीने झोळी खरी आहे, पत्र खरं आहे, तर खिसाही खरा हवा. डॉक्टरच्या कोटाला खिसा उघडा आणि खोल, थर्मामीटर आत मावेल असा. पर्सचं झाकण उघडणारं. भाकरी तव्यावर उलटता येईल अशी, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगळे डाग भरलेली. नक्षी कमी असली तरी चालते. आणि भाकरी दोन इंचांची करू नका. आपल्याला ती गोंडस वाटते, पण मुलाच्या हाताला थापायला चार-पाच इंच लागतात.

बाकीच्या, थोडक्यात

कापड आधी धुऊन घ्या. मांजरपाट आटतं, आणि लाल खणाचा रंग पांढऱ्या मोदकात उतरला की तो निघत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा.

खेळातल्या वाण्याच्या दुकानातल्या पोत्यांत खरे तांदूळ किंवा मोहरी भरू नका. मी भरले होते. श्रावणात पोत्यातून टोके, म्हणजे धान्यातले किडे, बाहेर आले.

कापूसही पावसाळ्यात नको, तो वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

ॲक्रिलिक फेल्टवर गरम इस्त्री थेट ठेवू नका, वर सुती फडकं टाका.

टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. बारा लावल्या तर बारा हातात आल्याशिवाय भरण भरायचं नाही. यात तडजोड नाही.

या वस्तू विकायला काढणार असाल तर आधी नियम वाचा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. नोंदणी करून मगच दुकान मांडा.

आणि शिवून झालं की प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा आणि त्याच रंगाचा दोरा एका पिशवीत घालून त्या घरी देऊन ठेवा. सगळ्यात लाडकं वांगंच आधी फाटतं, आणि दोन वर्षांनी तोच जांभळा कुठल्याही दुकानात मिळत नाही.