डीएसएलआरचं फुटेज एडिट करताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात शिगमा झाला की लग्नं, लग्नं उरकली की पावसात जरा उसंत, मग चवथ (गणेशचतुर्थी) आणि घुमट आरत्या, आणि त्यानंतर जत्रांतली नाटकं, म्हणजे कॅमेऱ्याला सुट्टी अशी नसतेच. आणि दर सीझनला कुणीतरी पोरगा फोन करतो, दादा एडिटिंगला बसलो की सगळं हँग होतं, कुठला लॅपटॉप घेऊ? बहुतेक वेळा लॅपटॉपचा काही दोष नसतो. घोळ आधीच झालेला असतो, कॅमेऱ्याच्या मेनूत नाहीतर कार्ड कॉपी करताना, टाइमलाइनवर तो फक्त दिसायला लागतो.

कार्ड कॉपी करतानाची घाई

सगळ्यात महागात पडलेली चूक ही, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो. एका लग्नात दोन कॅमेरे होते, दोन्ही एकाच कंपनीचे. रात्री दीड वाजता घरी येऊन दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओढली. कॅमेरा फाइलला नाव देतो ते नुसत्या नंबरचं, ०३१२, ०३१३ असं, ९९९९ नंतर परत १ पासून, आणि काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट केलं की लगेच १ पासून सुरू होतात. तर दोन्ही कार्डांवर तेच तेच नंबर, कॉम्प्युटरने विचारलं रिप्लेस करू का, मी झोपेत हो म्हटलं, आणि सकाळी कार्डंही फॉरमॅट करून दुसऱ्या ऑर्डरला गेलो. कन्यादानाचा क्लोजअप गेला तो गेलाच. शेवटी फोटो टाकून वर सनई लावली, पण नवऱ्याच्या आईच्या नजरेतून सुटलं नाही.

आता माझा नियम साधा आहे. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, नाव तारीख-गाव-कॅमेरा, आणि कार्डावर जे आहे ते सगळंच्या सगळं तसंच उचलायचं, आतले फोल्डर मोडायचे नाहीत. व्हिडिओ कॅमेऱ्यावाल्या मित्राचं एव्हीसीएचडी फॉरमॅटचं फुटेज असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यात मोठा शॉट तुकड्या-तुकड्यांत असतो आणि ते जोडायची माहिती त्याच फोल्डरांत असते. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, चार-पाच क्लिप उघडून चालवून बघितल्या, की मगच फॉरमॅट. आणि चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर पुढे एकही शॉट घेऊ नका. फोटोरेकसारखं फुकटातलं सॉफ्टवेअर बरंच परत आणतं, फक्त वर नवीन काही लिहिलं गेलेलं नसलं पाहिजे.

नाटक तीन तासांचं, कॅमेरा अर्ध्या तासाचा

जत्रेतलं नाटक पहिल्यांदा शूट करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. बऱ्याच डीएसएलआर एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदच रेकॉर्ड करतात आणि गप बंद पडतात, तुम्ही मागे कुणाशी बोलत उभे असलात तर तिकडे नायिकेचं पद अर्धं निघून जातं. शिवाय जुन्या, म्हणजे फॅट ३२ फॉरमॅटच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, फुल एचडीला ती साधारण १२ मिनिटांत भरते. काही कॅमेरे आपणच पुढची फाइल सुरू करतात, काही तिथेच थांबतात, तुमचा कुठला ते आधी घरी लावून बघा. प्रवेश बदलताना पडदा पडला की बंद करून परत चालू करायचा, हा माझा उपाय. दोन तुकडे टाइमलाइनवर जोडलेत की जोडावरचं वाक्य कान देऊन ऐका, कधीकधी तिथे एखादं अक्षर गेलेलं असतं, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर लावलेला असेल तर ते त्याच्यावरून भरून काढता येतं.

पन्नास की साठ

गोव्यातली बरीच माणसं बोटीवर नोकरीला, त्यामुळे अशा तारवट्यांनी अमेरिकेतून आणलेले कॅमेरे खूप. त्यात सेटिंग एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीचं असतं, सेकंदाला ३० आणि ६० फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/६० शटर ठेवलं की हॉलच्या भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. मेनूत पाल (आपल्याकडचं सेटिंग) करा, २५ फ्रेम, शटर १/५०. झालेलं फुटेज एडिटिंगमध्ये दुरुस्त करणं म्हणजे डोकेदुखी, डीफ्लिकरचे प्लगइन आहेत पण माणूस हलला की तेही फसतात.

स्लो मोशनलाही हाच हिशोब. ५० फ्रेमचं २५ च्या टाइमलाइनवर बरोब्बर अर्ध्या वेगाने जातं, शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचातली ती उडी एकदम लोण्यासारखी दिसते. ६० फ्रेमचं नुसतं ५० टक्के केलं तर झटके, त्याला प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ‘इंटरप्रेट फुटेज’मध्ये जाऊन २५ सांगायचं, मग ठीक. आणि मोबाईलची क्लिप मध्ये घालायची असेल तर ती आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या, मोबाईल फ्रेम रेट कमीजास्त करत राहतो आणि हळूहळू ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

आवाज

घुमट, शामेळ, कासाळें ही आरतीची वाद्यं एकत्र वाजायला लागली की कॅमेऱ्याचा माईक फाटतोच. त्यात ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारं सेटिंग) चालू असेल तर आरती थांबली रे थांबली की कॅमेरा आवाज वर ओढतो आणि पंख्याची घरघर देवापेक्षा मोठी. ऑटो बंद करा, लेव्हल अशी की जोरात वाजलं तरी मीटर -१२ डेसिबलच्या आसपास. फाटलेला आवाज कुठल्याच फिल्टरने पूर्ण नीट होत नाही, हळू आलेला वाढवता तरी येतो.

वेगळा रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. प्रीमियर, रिझॉल्व्ह ही दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअर आवाजाच्या लाटा जुळवून आपोआप सिंक करतात, पण कॅमेऱ्याचा आवाज पूर्ण बंद केला असेल तर जुळवणार कशाशी? म्हणून तो वाईट का असेना, चालू ठेवायचाच. तासाभराच्या कीर्तनात शेवटी आवाज थोडा सरकलेला दिसला तर घाबरू नका, दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एक नसतात, श्वासाच्या जागी कापून दोन-तीन फ्रेम सरकवलं की झालं.

हँग होतंय म्हणून रॅम घेऊ नका

डीएसएलआरचं एच २६४ फुटेज फाइल लहान राहावी म्हणून असं बनवलेलं असतं की मोजक्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या, मधल्यांमध्ये नुसता काय बदललं तेवढंच. चालवायला ठीक, पण एडिटिंगमध्ये तुम्ही मधल्याच फ्रेमवर उडी मारली की कॉम्प्युटरला आजूबाजूच्या फ्रेम उलगडून ती उभी करावी लागते, लॅपटॉप तिथे धापा टाकतो. त्यामुळे आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी कॉपी बनवा. प्रोरेस फॉरमॅटची प्रॉक्सी फुल एचडीला तासाला साधारण १७ जीबी घेतं. रात्री लावून झोपा, पण यूपीएस असेल तरच, आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या गडगडाटाला लाईट जाते आणि सकाळी अर्धवट फाइल बघत बसावं लागतं. कलर करायला घेताना प्रॉक्सीचं बटण बंद करायला विसरू नका, मी एकदा अख्खं लग्न धुरकट प्रॉक्सीवर कलर केलंय.

कलरचंही थोडक्यात. बहुतेक डीएसएलआर ८ बिटच, एका रंगाच्या २५६ छटा, फ्लॅट (फिकट रंगांच्या) प्रोफाइलवर शूट करून नंतर ओढाताण केली की मिरामारच्या संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या दिसतात. साध्या ऑर्डरला न्यूट्रल प्रोफाइल आणि हाताने ठेवलेला व्हाइट बॅलन्स पुरतो. इंटरनेटवरचे फुकट लट (LUT, रंगांची तयार सेटिंग) लॉग, म्हणजे मुद्दाम फिकट घेतलेल्या फुटेजसाठी बनवलेले असतात, ते साध्या फुटेजवर टाकले की नवरी संत्र्यासारखी. आधी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर, मग लट, तोही हलका.

हातात धरून पळत घेतलेला शॉट स्टॅबिलायझरने सरळ होईल असं समजू नका, रोलिंग शटरमुळे, म्हणजे कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो म्हणून, दीपस्तंभ जेलीसारखा हलतो. प्रीमियरमध्ये स्लो मोशन आणि वार्प स्टॅबिलायझर एकाच क्लिपवर चालत नाहीत, आधी नेस्ट करा, म्हणजे क्लिप वेगळ्या सिक्वेन्समध्ये गुंडाळा.

पेनड्राइव्ह

यूट्यूबला फुल एचडी २५ फ्रेमला ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरे, ५० एमबीपीएसने काही बिघडत नाही पण अपलोडला रात्र जाते. खरी गंमत ऑर्डर देणारी पार्टी टीव्हीला लावायला पेनड्राइव्ह मागते तेव्हा. जुना टीव्ही फक्त फॅट ३२ वाचतो, तिथे परत तोच ४ जीबीचा अडसर. दोन तासांचं नाटक ४ एमबीपीएसवर काढलं तर पावणेचार जीबीच्या आसपास बसतं. तीन तासांचं असेल तर दोन अंकांच्या दोन फाइल करा, आणि पेनड्राइव्ह देण्याआधी स्वतःच्या टीव्हीला लावून निदान शेवटची पाच मिनिटं बघा.